संप चिघळला

आमच्या घरी गेले तीन आठवडे संप आहे. ऑफिसात हे सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरून कळवळून विचारणा झाली, "कामवाल्या बायकांचा का हो?"

नाही. फिशटँकखालच्या कपाटात ॲक्रिलिकची एक पेटी असते, तिला संप म्हणतात. वरच्या टाकीचं पाणी ओसंडून पाइपाने खाली येतं, संपातल्या स्पंजातून गाळलं जातं आणि पंप ते परत वर ढकलतो. कागदावर अतिशय सुंदर. फक्त कागदावर वीज जात नाही.

आमच्या पुण्यात ती गुरुवारी जाते. पंप थांबला की वर पाणी चढवणारा पाइपच उलटा होतो आणि टाकीतलं पाणी खाली ओढू लागतो. त्याचं तोंड पाण्यात दोन इंच बुडालेलं, म्हणजे दोन इंच पाणी उतरणार. दोन इंच म्हणजे किती, असं मला त्या गुरुवारपर्यंत वाटायचं. टाकी चार फूट बाय दीड फूट. एका इंचाला १४ लिटर, दोन इंचांना २८. संपात रिकामी जागा १२ लिटरची. उरलेले १६ लिटर खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतातून पाझरले. काका वर आले ते थेट बनियनवर. "मासे पाळलेत की धरण बांधलंय?" एवढंच म्हणाले, पण दारातून हलले नाहीत.

तोडगा सोपा होता. संपात पाणी अडवून धरणारी आडवी भिंत तीन इंचांनी कमी केली की पाण्याची रोजची पातळी उतरेल आणि वरून येणाऱ्याला जागा होईल. गोल्डफिश बाथरूममधल्या बादलीत हलवले, बादलीत हवेची नळी सोडली. त्यामुळे घरातल्या माणसांच्या आंघोळी पातेल्यातून सुरू झाल्या. "किती दिवस?" बायकोने विचारलं. "दुपारपर्यंत," मी म्हणालो.

ॲक्रिलिक कापताना तापतं आणि वितळतं हे मला ठाऊक होतं. पण वितळलेलं ॲक्रिलिक पात्याच्या मागे पुन्हा चिकटतं, हे ठाऊक नव्हतं. भाड्याने आणलेलं कटर घेऊन मी डावीकडून उजवीकडे गेलो, घाम पुसला, मागे वळून पाहिलं, तर भिंत होती तशी. मी पुढे कापत होतो, मागे ती जुळत होती. शेवटी हॅकसॉचं नुसतं पातं फडक्यात धरून, पाणी सोडत सोडत, हाताने घासत बसलो. चार तास. पांढरा भुसा पोह्यांवर पडला तेव्हा लेकीला तो खोबरं वाटला.

शेवटचं बोटभर राहिलं आणि टच्च. भिंतीला वरच्या कडेपासून बारीक तडा.

तड्यावर सिलिकॉन लावलं. काचेला घट्ट धरणारं सिलिकॉन ॲक्रिलिकवरून दुसऱ्या दिवशी दुधाच्या सायीसारखं अलगद निघालं. मग दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे गेलो. त्याने औषधाच्या बाटलीत पाण्यासारखं पातळ काहीतरी दिलं. "साहेब, हा गोंद नाही. हा दोन्ही तुकडे जरा जरा विरघळवतो नि एक करतो. पण इंजेक्शनने सोडा. आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर तुम्हीच चिकटाल."

मेडिकलवाल्याकडे सिरिंज मागितली. "कोणाला द्यायचंय?" "संपाला." त्याने सिरिंज दिली, पण पिशवीत घालताना माझ्याकडे फार वेळ पाहिलं.

तड्यावर पट्टी ठेवून फटीत थेंब सोडला. तो आपोआप आत पळाला, फट काचेसारखी स्वच्छ झाली. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हातून इतकं देखणं काम झालेलं नाही. पाणी भरेपर्यंत मी तेच बघत बसलो. भरल्यावर दिसलं की भिंतभर लावलेली पट्टी अर्धा इंच वर आली आहे. म्हणजे तीन इंच कापून हाती अडीचच. हिशेब केला, दीड-दोन लिटर अजूनही जमिनीवरच.

रात्री लालबागहून सासऱ्यांचा फोन. आयुष्य गिरणीत गेलेलं. "जावईबापू, संप मिटला का?" मी रडगाणं गायलं. "आमचा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला," ते शांतपणे म्हणाले, "तो अजून कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. तुमचे तर तीनच आठवडे झालेत."

माशांचं खाद्य आणायला गेलो तेव्हा दुकानातल्या पोराला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक भोक पाडायचं ना. पाणी तिथवर उतरलं की हवा आत शिरते, ओढ तुटते. कापाकापी कशाला?"

भोक पाडायला मला दोन मिनिटं लागली. बायको तेव्हा काहीच बोलली नाही, ते मला जास्त लागलं.

काल गुरुवार. दहाला वीज गेली. आम्ही सगळे कपाटासमोर उकिडवे बसलो. संपातलं पाणी चढलं, चढत राहिलं, थांबायचं नाव घेईना. मी टॉर्च घेऊन वर पाहिलं. त्या भोकावर एक गोगलगाय बसली होती. ऐसपैस, पोट टेकून.

"पातेलं आण," मी लेकीला म्हणालो.

"कुठलं? आंघोळीचं की दुधाचं?"