‘अमोनिया प्रामाणिक गॅस आहे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापूरकडं गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल, सगळीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘अमोनिया प्रामाणिक गॅस आहे, वासानं आधी सांगतो’ अशी सुरुवात, आणि पुढं पाच दावे. डिटेक्टर नको, नाक पुरे. हवेपेक्षा हलका, म्हणून खाली बसा. ओला रुमाल बांधून आत जा, व्हॉल्व्ह बंद करा. पेटत तर नाहीच. आणि पाइप चांगले असतील तर गळतीच होत नाही. दूध, आइस्क्रीम, फ्रोझन मालाच्या प्लांटमध्ये थंडावा अमोनियावरच चालतो आणि तिथली पोरं हे वाचतात, म्हणून लिहितोय.

नाकाचं आधी. वास लवकर येतो, मान्य. पण कॉम्प्रेसर रूममध्ये रोज आठ तास काढणाऱ्याचं नाक सरावतं. बाहेरचा माणूस दारातच तोंड फिरवतो आणि आमचा ऑपरेटर विचारतो, ‘कुठाय वास?’ दिवसभराच्या कामासाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) ही मर्यादा धरतात, ३०० पीपीएमला जीवाला धोका. नाक आकडा सांगत नाही. शिवाय रात्री दोनला बंद कोल्ड रूममध्ये नाक असतं कुणाचं? डिटेक्टर नीट जोडलेला असेल तर एक्झॉस्ट पंखा चालू करतो, कॉम्प्रेसर बंद करतो.

‘हलका, म्हणून खाली बसा’ हा सगळ्यात घातक सल्ला. अमोनियाची वाफ हवेच्या साधारण ०.६ पट वजनाची, हे खरं. पण रिसीव्हरमधून, म्हणजे द्रव अमोनियाच्या टाकीतून, सुटतो तो दाबाखालचा द्रव. तो उणे ३३ अंशांना उकळतो, बारीक थेंबांचं थंड धुकं होतं आणि ते जमिनीलगत सरकतं. ह्यूस्टनमध्ये ११ मे १९७६ ला टँकर पुलावरून कोसळला तेव्हा ढग असाच रस्त्याला चिकटून पसरला. आपल्याकडं जुलैच्या दमट हवेत तर काय बोलायचं! वातकुक्कुट नाही तर निदान विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा, आधी वाऱ्याला आडवं निघा, मग वाऱ्याच्या उलट दिशेला. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, पण त्या भरवशावर पळू नका. आणि फाटलेला विंडसॉक बदला की राव, त्याला खर्च किती येतो?

ओला रुमाल बाहेर पळताना थोडा उपयोगी, कारण अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. मात्र तेच पाणी क्षारीय होऊन ओठांना, डोळ्यांना भाजतं. घामानं भिजलेल्या काखेत, जांघेतही तेच होतं. आत जायचं तर हवेचा सिलिंडर पाठीवर, सूट अंगावर आणि जोडीला दुसरा माणूस. गाळणीचा डबा लावलेला कॅनिस्टर मास्क मोठ्या गळतीत चालत नाही. होजचं पाणी ढगावर मारा, जमिनीवर साचलेल्या द्रवावर नको. त्या द्रवाला नळाचं पाणीही गरमच, तो आणखी उकळतो.

अमोनिया पेटतोही. हवेत १५ ते २८ टक्के झाला आणि ठिणगी मिळाली की. १९८४ मध्ये अमेरिकेत श्रीव्हपोर्टच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गळती थांबवायला गेलेला अग्निशमन जवान अशाच आगीत गेला.

आता पाइपांचं. पाइप नवे कोरे असले तरी ऑइल ड्रेन, म्हणजे कॉम्प्रेसरमधून अमोनियाबरोबर वाहत आलेलं तेल काढणं, आपण हातानंच करतो. तेल द्रव अमोनियापेक्षा जड, त्यात मिसळत नाही, म्हणून तळाशी ऑइल पॉट नावाच्या भांड्यात साचतं. घाईत काय होतं? रबरी पाइप पाण्याच्या बादलीत सोडायची, व्हॉल्व्ह उघडायचा आणि हेल्पर चहाला. थंड तेल घट्ट असतं, वाट तुंबते, म्हणून व्हॉल्व्ह आणखी उघडतात. मग ते एकदम सुटतं आणि मागोमाग द्रव अमोनिया. बादली तडतडायला लागते तोवर जवळ जायची सोय राहत नाही. याचसाठी हात सोडला की आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या हँडललाही तार बांधून ठेवणारे महाभाग आहेत. आधी पॉटकडं येणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, आतला अमोनिया सक्शनकडं (कॉम्प्रेसर वायू ओढतो त्या बाजूला) जाऊ द्यायचा. पॉटवरचं बर्फ वितळून पत्रा हवेइतका गरम झाला की मगच ड्रेन उघडायचा. दोघांनी, आणि जागेवरून न हलता.

किती तेल निघालं ते रजिस्टरात लिहा. कॉम्प्रेसरमध्ये टाकलेलं जास्त आणि पॉटमधून निघालेलं कमी, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर उरलेलं तेल कॉइलमध्ये, म्हणजे थंडावा देणाऱ्या नळ्यांत, बसलंय.