परदेशातून : मोठ्यांना पाणी कधी शिकवणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यात, एक पोरगा शेततळ्यात बुडाला. ग्रामसभेत ठरलं, तळ्यांना तारेचं कुंपण घालायचं आणि पाण्याजवळ कुणी फिरकायचं नाही. कुंपण हवंच. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं मोठं तळं 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल. आत प्लॅस्टिक अंथरलेलं असलं की काठ इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पण नुसत्या मनाईनं भागणार नाही. मोठ्या माणसांनीही पोहायला शिकावं, बायांनीसुद्धा, जिवासाठी आणि मनासाठीही, असं मी नेदरलँड्सहून फोनवर म्हटलं. मोठी आई म्हणाली, "पोट्ट्यायचे खेळ हायेत ते. बाईमाणसानं काहून पाण्यात उतरावं?"

तिचं म्हणणं मला कळतं. आमच्याकडे पोरं पाठीला तेलाची कॅन बांधून विहिरीत शिकली, आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसलो. बाईचं नाव विहिरीशी जोडलं जायचं ते एकाच अर्थानं, 'तिनं विहीर जवळ केली.' हे ऐकतच वाढले, म्हणून 41 व्या वर्षापर्यंत मी गुडघाभर पाण्यालाही भ्यायचे.

इथे जिकडेतिकडे कालवे. शाळेतली पोहण्याची सक्ती 1985 मध्येच उठली, तरी आईबाप मुलांना पोहण्याच्या परीक्षेला बसवतातच. त्या परीक्षेत अंगावर कपडे आणि पायात बूट घालूनही पोहून दाखवावं लागतं, कारण कालव्यात पडणारा माणूस कपड्यांनिशीच पडतो. मोठ्यांचेही वर्ग असतात. बाबा गेले त्या हिवाळ्यात माझी झोप उडाली होती, छातीत सारखी धडधड. डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून मी वर्गात नाव घातलं. पहिले चार आठवडे एकच काम : तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास हळूहळू, शेवटपर्यंत सोडायचा. गार पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराची उपजत सोय आहे. मग एक दिवस पाठीवर तरंगले. कान पाण्याखाली गेले, बाहेरचा गलका बंद झाला, फक्त माझा श्वास ऐकू येत होता. त्या रात्री मी सलग झोपले.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये नैराश्यानं त्रस्त असलेल्या 24 वर्षांच्या तरुणीची हकीकत छापली. थंड पाण्यात नेमानं पोहून तिची औषधं सुटली, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एकीवरून सगळ्यांचं ठरत नाही, औषधं कुणी आपल्या मनानं बंद करू नयेत. पण गावात मनाच्या ताणाची चर्चा कर्ज, नापिकी आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 क्रमांक इथेच थांबते. तो क्रमांक प्रत्येक घरात असावा. तरी रोजच्या जगण्यात मन हलकं करायला काय आहे? वावरातल्या कष्टानं अंग थकतं, सैल पडत नाही.

शिकायचं ते शेततळ्यात नक्कीच नाही, तिथे पाय टेकत नाहीत. तालुक्याच्या जलतरण तलावावर आठवड्यातून दोन सकाळ फक्त बायांसाठी ठेवा, शिकवायला बाईच असू द्या. आणि प्रत्येक शेततळ्यात गाठी मारलेला दोर सोडा, काठावर फुगवलेली ट्यूब ठेवा.

परवा मोठ्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "लुगड्यावर जमते काय वं?"

म्हटलं, "अंगावरच्या कपड्यांनिशीच शिकवतात, मोठी आई."