वाघ्याला अंगणाने शिकवलं

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सहा महिन्यांच्या आत कुत्र्याच्या पिल्लाला शिकवणं हे परदेशी खूळ आहे, लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला उंबऱ्याबाहेर काढूच नये, आणि तुमच्या गावच्या वाघ्याला कुणी काही शिकवलं नव्हतं तरी तो कधी कुणाला चावला नाही, असं तुम्ही लिहिलंत.

वाघ्याबद्दल मला शंका नाही. पण त्याला कुणी शिकवलं नाही, हे पटत नाही. डोळे उघडल्यापासून त्याच्यासमोर माणसं, कोंबड्या, गुरं, सायकलवरचा पोस्टमन, गणपतीतले ढोल. खेळताना भावंडाला जोरात चावला की ते केकाटून खेळ सोडायचं, आई गुरकावून बाजूला व्हायची. दात किती लावायचा ते पिल्लाला असं कळतं. सहाव्या आठवड्यातच आईपासून तोडून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलेल्या पिल्लाला यातलं काय मिळतं? आपल्याकडच्या २०१७च्या नियमांतही ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे.

वयाचा हिशेब माझ्या मनचा नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला स्कॉट आणि फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथल्याच, १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लं माणसांपासून दूर, कुंपणाच्या आत वाढवली. १४ आठवडे माणूस न भेटलेली पिल्लं पुढे माणसाजवळ यायला तयार होईनात. साधारण तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवं ते चटकन आपलंसं करतं. त्यानंतर मात्र नवं काही दिसलं की आधी भीती वाटते.

आमची चिंगी साडेचार महिन्यांची असताना आली. तोवर ती एका खोलीत बंद होती. कुकरची शिट्टी झाली की शेपूट पोटाशी घेऊन पळायची, फरशीवर नखं घसरायची, पलंगाखाली शिरल्यावर तासभर बाहेर यायची नाही. आज ती ६ वर्षांची आहे आणि छत्री उघडली तरी थरथरते. ते हुकलेले आठवडे मी तिला परत देऊ शकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या त्या विषाणूच्या आजाराची, तुमची भीती मात्र अगदी रास्त आहे. अनोळखी कुत्री फिरतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नकाच. पण कडेवर घेऊन जग दाखवता येतं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २००८ साली सांगितलंय, की पहिली लस आणि जंताचं औषध देऊन आठवडा झाला की पिल्लांचे वर्ग सुरू करावेत, सगळ्या लसींसाठी थांबू नये.

शिकवणं म्हणजे ‘बस, ऊठ’ नव्हे. हाताला चावलं तर खेळ थांबवून गप्प बसायचं. चापट अजिबात नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच शू-शीच्या जागी न्यायचं, तिथे केलं की त्याच क्षणी शाबासकी.

नातवाचं पिल्लू ९ आठवड्यांचं आहे म्हणालात. पहिली लस झाली असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा आणि आज संध्याकाळीच त्याला कडेवर घेऊन सोसायटीच्या गेटपाशी दहा मिनिटं उभे राहा. रिक्षा, शाळेतून येणारी पोरं, भाजीवाल्याची हाक. घाबरलं तर चार पावलं मागे या. खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे असू द्या.