शेजाऱ्यांवर कुत्रा सोडून सुट्टीला जायची पद्धत

आंबा आटपला, शाळा उघडायला अजून दहा-पंधरा दिवस आहेत, म्हणजे मालवण-देवगड पट्ट्यातल्या माणसाने सुट्टीला जायची हीच वेळ. एप्रिल-मेमध्ये सगळं जग आपल्याकडे येतं आणि आपण खोल्यांच्या चादरी बदलत असतो, त्यामुळे तेव्हा जमत नाही. यंदा केरळ ठरवा. समुद्र, माड, मासे आणि घामट हवा, म्हणजे आपल्याकडे न मिळणारं सगळं तिथे मिळतं. शिवाय मान्सून केरळात साधारण १ जूनला टेकतो आणि आपल्याकडे आठवडाभराने, त्यामुळे कोणी विचारलंच तर पावसाला आणायला गेलो होतो असं सांगता येतं.

तिकिटं दोन महिने आधी काढली, हॉटेलचे तीनशे रिव्ह्यू वाचले, मुलांना स्विमिंगचे चष्मे घेतले. आता राहिला टायगर. आणि मनी. आणि हॉलमधल्या टाकीतले मासे. ह्यांचा विषय निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत घरात काढायचाच नाही, आधी काढला की पर्याय सापडतात आणि पर्यायांना पैसे पडतात. बोर्डिंगवाले तर रोजचे पैसे घेतात वर लसीचं कार्ड मागतात, रेबीजची कधी दिली, खोकल्याची दिली का, म्हणजे कुत्रा ठेवायला चाललोय का मुलाचं ॲडमिशन करायला चाललोय तेच कळत नाही. ते कार्ड तुम्हाला शेवटचं दिसलं ते पिल्लू घरात आलं त्या वर्षी, टीव्हीच्या खालच्या खणात, वॉशिंग मशीनच्या वॉरंटीबरोबर.

सोबत न्यायचा म्हणाल तर रेल्वेत कुत्रा नेता येतो, फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे नाहीतर चार बर्थची केबिन आख्खी आपल्या नावावर पाहिजे, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. टायगर फर्स्ट एसीने आणि आपण स्लीपरने हे घरात कोणाला पटणार नाही. बागेतला नेपाळी गडी होता तो बिचारा सगळं करायचा, पण हंगाम संपला की तो त्याच्या गावी निघतो. त्याच्या सुट्टीत त्याच्या घरचं कोण बघतं हे आपण कधी विचारलं नाही आणि आता विचारायला तो नाही.

म्हणजे उरल्या शेजारच्या काकी.

काकींशी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून दोन वर्षं बोलणं बंद असेल तर आज चालू करा. रात्री नऊच्या सुमारास जा, वाटीभर रसातल्या शेवया न्या, आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करा, मग मुंबईच्या लेकीची, मग नातवाची, आणि खरा विषय उठून चपला घालता घालता काढा, म्हणजे त्यांना विचार करायला वेळ मिळत नाही. "काकी, टायगराक जरा बघशात मां? काय करूचा नाय, दोन टायम भात घालूचो." हे 'काय करूचा नाय' महत्त्वाचं आहे, ह्यात सगळं येतं. दोन वेळचा भात शिजवणं, तो निववणं, घागरभर पाणी ओढणं, पडवी धुणं, गोचिड्या काढणं, रात्री तो भुंकला की उठून बघणं, आणि त्याने वाडीतल्या कोणाचं कोंबडं धरलं तर त्या घरी जाऊन ऐकून घेणं. काकी नाही म्हणणार नाहीत. रात्री नऊ वाजता दारात शेवया घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही, आणि हे तुम्हाला माहीत आहे म्हणूनच तुम्ही नऊ वाजता गेलात.

कागदावर काहीही लिहून देऊ नका, तो अविश्वास दिसतो. टायगर ढगांच्या गडगडाटाला घाबरून गेट ओलांडतो, त्याला गोळी पावात घालून द्यावी लागते, शेपटीला हात लावलेला त्याला खपत नाही, ह्या गोष्टी काकींना हळूहळू आपोआप कळतील. डॉक्टरचा नंबर पण देत बसू नका. जनावरांच्या दवाखान्याचा १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर फिरतं पथक पण येतं. चार आकडी, लक्षात ठेवायला इतका सोपा की वाडीत एकाच्याही लक्षात नाही. आणि समजा शेपटीला हात लावला वाडीतल्या कुठल्या पोराने आणि टायगर चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक आरोग्य केंद्रात जायचं हे काकींना माहीत असेल असं गृहीत धरा. तिथे पहिला प्रश्न येणार, कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे का. काकी तुम्हाला फोन लावतील, तुम्ही हाऊसबोटीत असाल, रेंज नसेल.

आता बांधायचा कुठे. घर बंद, म्हणजे पडवीत, खांबाला, साखळीने, रात्रंदिवस. सोयीचं पडतं. बिबट्याला पण सोयीचं पडतं. त्याला पडवीत बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट, आणि हे काही वाडीतल्या म्हाताऱ्यांनी मुलांना घाबरवायला काढलेलं नाही, तिकडे घाटावर अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा रीतसर अभ्यास झाला तर त्यात सगळ्यात जास्त निघाले ते पाळीव कुत्रेच. रात्री कुत्र्याला आत घ्यावं, निदान दाराआड, हे सगळ्यांना माहीत असतं, पण आत घ्यायचं तर काकींना घराची चावी द्यावी लागेल आणि चावी दिली तर त्या कपाट बघतील. त्यापेक्षा बिबट्या परवडला.

कायद्याची भीती असेल तर ती आत्ताच काढून टाका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० सालचा कायदा आहे, त्यात सगळं लिहिलंय हो, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर गुन्हा, पुरेसं अन्नपाणी दिलं नाही तर गुन्हा, उपाशी मरेल असा सोडून दिला तर गुन्हा. शिक्षा वाचून मात्र जीव भांड्यात पडतो. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. मालवणात एका नारळपाण्याला तेवढे मोजावे लागतात. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, तेव्हा इतकी काळजी घ्या की केरळच्या ट्रिपा लागोपाठ करू नका.

(पिंजऱ्यात राघू असेल तर त्याच्याबद्दल कोणाकडे बोलूच नका. आपला देशी पोपट पाळणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. 'विठू विठू' म्हणून तो स्वतःच साक्ष देईल ती वेगळी गोष्ट.)

मनीचं काय? मांजराला काही लागत नाही, मांजर स्वतःचं स्वतः बघतं, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मनीला सकाळी पेडव्याची डोकी लागतात आणि यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ही मनीची अडचण आहे, तुमची नाही. भातावर दूध घातलं की ती वास घेऊन निघून जाते. जाऊ दे. गुबगुबीत मांजराने दोन-तीन दिवस तोंडाला काही लावलं नाही तर त्याच्या लिव्हरवर चरबी चढते आणि ते खरोखरच दगावू शकतं, पण हे डॉक्टर लोक सांगतात, त्यांना काय. फार वाटलंच तर सुकटीची पिशवी काकींकडे देऊन जा. काकी माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ आहे, लसणीच्या फोडणीला पण एकादशीला नाक धरतात, त्या पहाटे आंघोळीच्या आधी नाकाला पदर लावून चिमटीने सुकट मनीच्या ताटलीत टाकतील आणि मग दुसऱ्यांदा आंघोळ करतील. त्यांना तेवढंच पुण्य. फक्त एक, मनी मलूल दिसली तर काकी स्वतःच्या डब्यातली तापाची गोळी कुस्करून देतील, प्रेमाने देतील, आणि मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी पण जिवावर बेतते. हे सांगायला आदल्या रात्री एक मिनिट लागलं असतं, पण तेव्हा तुम्ही पॉवर बँक शोधत होता.

माशांचं सोपं आहे. धडधाकट मासे चार-सहा दिवस उपाशी सहज राहतात, मरतात ते जास्त घातल्याने, उरलेलं खाणं कुजतं आणि पाण्यात अमोनिया होतो. म्हणून काकींना पूर्ण डबा द्या आणि म्हणा, घाला अंदाजाने.

तुम्ही शिकलेले असाल तर तुम्हाला हे सगळं मागासलेलं वाटेल. मग ऑनलाईन मशीन मागवा, वेळ लावली की आपोआप ताटलीत खाणं पडतं, आणि पडवीत वायफायवाला कॅमेरा बसवा. पहिल्या पावसाला लाईट जाते हे कोकणात शेंबड्या पोराला कळतं पण मशीनवाल्याला कळत नाही. लाईट गेली, इन्व्हर्टर रात्रीपर्यंत चालला, मग वायफाय बसलं, मग मशीन बसलं. आतलं ते बिस्किटासारखं खाणं दमट हवेने मऊ पडून त्याला बुरशी धरली. जे दोन घास पडले होते त्याला मुंग्या लागल्या. परातीत पाणी ओतून मधोमध ताटली ठेवली की मुंग्या लागत नाहीत हे काकींना चाळीस वर्षांपासून माहीत आहे, पण त्यांना विचारायची वेळ आली नाही कारण त्यांना सांगितलं होतं की आता मशीन आहे, तुम्ही फक्त पाणी बघा.

कॅमेऱ्याचा आनंद मात्र वेगळाच. रात्री जेवून हॉटेलच्या बेडवर पडायचं, मोबाईलवर पडवी लावायची, आणि सगळ्या फॅमिलीने मिळून स्पीकरवरून ओरडायचं, "टायगर! ए टायग्या! शोन्या!" टायगर ताडकन उठतो. आवाज आला, माणूस नाही. मग तो साखळीच्या लांबीएवढं अर्धं वर्तुळ फिरत बसतो, खांबाला वेढे पडतात, साखळी आखडते आणि तो मान वर करून जे रडायला लागतो ते पहाटे तीनपर्यंत. तुम्ही 'मिसिंग यू' लिहून त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकून झोपलेले असता. काकी उठतात. पायात स्लिपर, एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईलचा टॉर्च, आणि वाट गडग्याच्या कडेने, जिथे पहिल्या पावसात विषारी फुरसं निघतं. त्या साखळीचे वेढे सोडवतात, टायगरला आपल्या पडवीत नेतात, गोणपाट टाकून देतात. कॅमेऱ्यात नुसता खांब दिसतो. सकाळी तुमचा फोन जातो, "काकी, कुत्रो खंय गेलो? सोडूचो नाय सांगितलेलंय मां!"

येताना रविवारचे बुधवार होतात. पाऊस म्हटला की कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी करतात, मध्येच कुठे दरड आली की झालंच, आणि तसंही तुम्हाला वाटेत गोव्याला दोन रात्री उतरायचं होतं. काकींना कळवायची गरज नाही. तुम्ही तांदूळ रविवारपर्यंतचे मोजून ठेवलेले, त्यांच्या घरात तांदूळ असतातच.

गोव्यात एक गंमत बघाल. 'पेट फ्रेंडली' असे बोर्ड. आपल्या किनाऱ्यावर पण आता ते जागोजागी लागलेत, पुण्याचा लॅब्राडोर एसी खोलीत झोपतो, त्याला वेगळा टॉवेल मिळतो, आणि त्याच्या अंघोळीला गरम पाणी काढून देणारे तुम्हीच असता, मे महिन्यात, हसतमुखाने, कारण त्याचे चार्जेस वेगळे लावता. टायगर ते सगळं साखळीवरून बघत असतो. त्याला काय कळतंय!

घरी आलात की आधी पडवी बघा आणि नाराज चेहरा करा. "बारीक झालो नाय काय गो?" हे काकींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं. टाकीतला एखादा मासा गेला असेल तर त्याची किंमत सहज बोलण्यात येऊ द्या. आणि मग केळ्याच्या चिप्सचं पाकीट द्यायचं, मोठं नाही, ते ऑफिसमध्ये वाटायला आणलंय, प्रवासात अर्धं फुटलेलं असेल ते. "तुमच्यासाठी मुद्दाम आणलंय" म्हणायचं. पैशाचं नाव काढायचं नाही, काकींना अपमान वाटेल. पुण्या-मुंबईत घरी येऊन कुत्रा फिरवायचे लोक रोजचे पैसे घेतात हे त्यांच्या लेकीने त्यांना फोनवर सांगितलेलं असेल, तरीही.

एक धोका तेवढा ध्यानात ठेवा. गणपती झाले की काकी लेकीकडे बोरिवलीला पंधरा दिवस जातात. त्यांच्या पाच कोंबड्या आहेत, एक बोका आहे. त्या तुमच्यासारख्या रात्री नऊला येणार नाहीत, भर सकाळी येतील, महिनाभर आधी, हातात कागद असेल, कोंबड्यांना काय किती वाजता, खुराड्याची कडी कशी लावायची, बोक्याचं दूध कोणाकडून येतं, आणि वर दुधाचे पैसे मोजून. गोंधळून जाऊ नका. चेहरा पाडा आणि सांगा, "काकी, तुमका नाय कसा म्हणू? पण आमच्या ह्येंका पिसांची ॲलर्जी आसा." आणि दार लावता लावता विचारून घ्या, टायगर रात्रीचा अजून त्यांच्याच पडवीत झोपतो, तर त्या नसताना त्याचं काय करायचं.