‘अधांतर’ वाचताना गिरण्यांच्या जमिनीचा नकाशा समोर ठेवावा लागतो

गेले दोन महिने मी महाविद्यालयाच्या नाट्यमंडळातील मुलांबरोबर जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक वाचतो आहे. मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपानंतर एका कामगार कुटुंबाचे काय झाले, याची ही गोष्ट. पहिले वाचन संपल्यावर दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने विचारले, “सर, संप फसला हे समजले, पण मग त्यांनी दुसरी नोकरी का नाही धरली?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता. लोअर परळला सिनेमा पाहायला जाणाऱ्या आणि तिथे कधीकाळी सुताची तूस उडत होती हे केवळ ऐकून माहीत असणाऱ्या मुलाला तो पडणारच. मी तिथल्या तिथे दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मंगेश कदम यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक १९९७ साली रंगमंचावर आले. ज्योती सुभाष यांची आई आणि संजय नार्वेकर यांचा नरू ज्यांनी पाहिला, ते आजही त्याविषयी बोलताना मधेच गप्प होतात. गिरणगावातल्या चाळीतील एक खोली, धुरींचे कुटुंब आणि हाताशी आलेली पण हाताला काम नसलेली मुले एवढाच त्याचा पसारा. एकाला लेखक व्हायचे आहे, एकाच्या डोक्यात क्रिकेट आहे आणि नरू टोळीच्या वाटेला लागलेला आहे. पुष्कळांनी हे नाटक ‘वाया गेलेल्या मुलांच्या आईची शोकांतिका’ म्हणून मनात साठवले आहे. मला हे वाचन मान्य नाही. आईचे दुःख खरेच आहे, पण तेवढेच पाहिले तर त्या खोलीच्या भिंतीपलीकडे काय चालले होते हे दिसत नाही, आणि खोलीतले प्रत्येक भांडण त्या भिंतीपलीकडूनच येते.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली, आणि पुढची सव्वाशे वर्षे कोकणातून आणि घाटावरून माणसे परळ, लालबाग, गिरणगावच्या गल्ल्यांत येत राहिली. रविवारची सुट्टीसुद्धा त्यांना आपोआप मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती झगडून १८९० साली मिळवून दिली. एका गाळ्यात पाळीप्रमाणे माणसे झोपत असत, पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा होत असे. अशा वस्तीत गिरणीची नोकरी हा केवळ पगार नव्हता. दुकानदाराची उधारी, गावाकडची मनीऑर्डर, मुलीचे लग्न, मुलाचे बदलीत, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम करणाऱ्यांत, लागलेले नाव, हे सगळे त्या एका नोकरीच्या आधाराने उभे होते. ‘दुसरी नोकरी’ म्हणताना आपण जणू एक सदरा उतरवून दुसरा घालण्याची गोष्ट करतो. साचा, म्हणजे कापड विणायचा माग, चालवण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाचे कसब साच्यापाशीच चालते, आणि तोवर कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर गेले होते, जिथे तेच काम कमी पैशात आणि कसल्याही संरक्षणाशिवाय करावे लागत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, अशाही मागण्या होत्या. या शेवटच्या मागणीकडे मुलांचे लक्ष मी मुद्दाम वेधतो. १९४६ च्या त्या कायद्याने कापडगिरण्यांत एकाच संघटनेला अधिकृत प्रतिनिधित्व दिले होते आणि ते राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते. बहुसंख्य कामगार दुसऱ्याच्या मागे उभे असले तरी मालकांना आणि सरकारला त्या दुसऱ्याशी बोलण्याचे बंधन नव्हते. ‘सामंतांनी आडमुठेपणा केला’ हे वाक्य आजही सहज ऐकू येते. नेत्याच्या चुका असतीलही, त्यांवर बोलायला हवेच. पण ज्याच्याशी वाटाघाटी करणे कायद्यानेच अनावश्यक ठरवले आहे, त्याच्याकडे लवचिकता मागण्यात कोणता न्याय आहे, हे मला अजून कळलेले नाही. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. १९८३ साली तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले, काही माणसे परत आत गेली, आणि लाखाहून अधिक माणसांची नोकरी गेली ती गेलीच.

करी रोडच्या चाळीत माझी काकू खानावळ चालवत असे. चौदा जण जेवायला असत, सगळे गिरणीतले. हिशेबाची तिची वही माझ्याकडे आहे. जानेवारी १९८२ च्या पानावर प्रत्येक नावापुढे दोन वेळच्या खुणा आहेत. फेब्रुवारीत खुणा विरळ होतात. मार्चच्या पानावर नऊ नावांपुढे तिने एकच शब्द लिहिला आहे, ‘गावी’. त्यांतल्या चौघांची बाकी पुढच्या पानावर ओढलेली आहे आणि ती कधीच मिटवलेली नाही. संपाचा इतिहास लिहिताना कामगार मोजले जातात, पण त्यांच्या भाकऱ्या थापून स्वतःचे घर चालवणाऱ्या बायका मोजल्या जात नाहीत. अशाच बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते, म्हणजे त्यांची संख्या किती मोठी असेल याचा अंदाज येतो. नाटकातल्या आईला मी या वहीसकट वाचतो. घराचा डोलारा पूर्वीही तिच्याच खांद्यावर होता. गिरणी बंद पडल्यावर तिच्या मदतीला पगार राहिला नाही, इतकेच.

गिरणगावाच्या आठवणी काढताना आपण एकजुटीच्या आठवणी काढतो, आणि ती एकजूट खरीही होती. तरी विषमता फक्त मालक आणि मजूर यांच्यात नव्हती. साचेखात्यात पगार जास्त असे आणि तिथे दलित कामगारांना प्रवेश नसे, कारण धोट्यातून, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातून, सूत तोंडाने ओढावे लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला होता. वर्गाची गोष्ट सांगणाऱ्याने ही गोष्ट वगळली तर त्याचे सांगणे अर्धेच राहते, असे मला वाटते.

आता जमिनीकडे येतो, कारण त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. गिरण्यांखाली शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन होती. कापडापेक्षा जमीन महाग झाली, तेव्हा गिरणी चालू ठेवण्यात कुणालाच रस उरला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने या जमिनीचे तीन वाटे ठरवले, एक मालकाचा, एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी आणि एक म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांसाठी. २००१ साली त्यात असा बदल झाला की हा हिशेब गिरणीतील आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरताच राहिला. गिरणीत मोकळी जमीन असते तरी किती? सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. कामगारांच्या घरांसाठी पुढे दीड लाखांहून अधिक अर्ज आले, पण पहिली मोठी सोडत निघायला २०१२ साल उजाडावे लागले, तोवर अनेक अर्जदार उरलेच नव्हते.

‘अधांतर’ या सगळ्याच्या ऐन मध्यावर लिहिले गेले. जमिनीची किंमत वाढली तशी तिच्याभोवती पिस्तुलेही आली. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची भर रस्त्यात हत्या झाली, आणि १६ जानेवारी १९९७ रोजी दत्ता सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. नरूला पाहताना प्रेक्षक ‘संगत वाईट’ म्हणतो. त्या वस्तीत त्या वर्षांत तरुण मुलांची भरती करणारी दुसरी कोणती यंत्रणा चालू होती, हे त्याने स्वतःला विचारून पाहावे. गिरणीत बापाच्या ओळखीने लागणारे बदलीचे काम संपले होते. रोख पैसा, दरारा आणि चार मित्र देणारी टोळी मात्र दाराशी उभी होती. स्वतः गिरणगावात वाढलेल्या पवारांनी नरूचे कुठेही समर्थन केलेले नाही, पण त्याला खोलीबाहेर ढकलणारे हात कुणाचे, हे त्यांनी नीट ओळखले होते.

मागच्या शनिवारी तालमीच्या सभागृहात आम्ही खडूने दहा फूट बाय बारा फुटांचा चौकोन आखला. त्यात एका कोपऱ्यात मोरी आखली, दुसऱ्यात ओटा, आणि एक लोखंडी कॉट आणून ठेवली. मग प्रवेशातल्या सगळ्यांना आत जायला सांगितले. आईचे काम करणाऱ्या मुलीला ओट्यापासून मोरीपर्यंत जाण्यासाठी दोन जणांना उठवावे लागले. दुसऱ्या नोकरीचा प्रश्न विचारणारा मुलगा नरूचे वाक्य म्हणत उभा राहिला, आणि त्याचा पाय रेषेबाहेर पडला. त्याने तो आत घेतला, वाक्य पुन्हा म्हटले, आणि पाय पुन्हा बाहेर गेला.