इमारतीइतकीच मंडळीही महत्त्वाची

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहराच्या फर्स्ट चर्चवरचा तुमचा लेख आवडला, पण तो जवळजवळ सगळा शिखरात आणि दगडकामातच रमला आहे. ही वास्तू उघडली १८७३ मध्ये. मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, मात्र १८४८ मध्येच स्कॉटलंडहून ‘जॉन विक्लिफ’ आणि ‘फिलिप लेंग’ या जहाजांतून येऊन पोचली होती. त्यांचे पाळक (धर्मगुरू) होते थॉमस बर्न्स, कवी रॉबर्ट बर्न्स यांचे पुतणे.

हे लोक निघाले कशामुळे, ते सांगायलाच हवं होतं. पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने निवडायचा, या वादातून १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. मंडळीनेच निवडावा म्हणणाऱ्या चारशेहून अधिक पाळकांनी पगार आणि राहतं घर सोडून वेगळं ‘फ्री चर्च’ काढलं, बर्न्स त्यांतलेच. केवढं धैर्य लागलं असेल! (मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीही तेव्हा फ्री चर्चचीच बाजू घेतली होती.)

बर्न्स १८७१ मध्ये वारले, त्यांना ही वास्तू पुरी झालेली पाहायला मिळाली नाही.

आणखी एक. ड्युनेडिन ज्या भागात आहे त्या ओटागोची जमीन १८४४ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांकडून, न्गाय ताहू या माओरी जमातीकडून, अवघ्या २,४०० पौंडांना घेतली गेली. लेखात त्यांचा उल्लेखच नाही, तो कृपया जोडावा.