रॉकेट वळलं म्हणजे पडलं?

अपोलो ११ च्या उड्डाणाची विमानातून टिपलेली फिल्म काकांनी काल ग्रुपवर टाकली. खाली मजकूर: 'नीट बघा. रॉकेट आडवं होतं, समुद्राकडे वळतं, पेटतं आणि फुटतं. चंद्रावर कोणी गेलंच नाही.' एरवी सोडून दिलं असतं. पण त्यांनी ते सातवीतल्या माझ्या पुतणीला दाखवलं, वर 'पुस्तकात खोटंच शिकवतात' म्हणाले.

अहो काका, सरळ वर गेलेलं रॉकेट इंधन संपलं की सरळ खालीच येणार. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेग लागतो, आणि तोही आडवा. म्हणून ते चढता चढता कलतं. पूर्वेला अशासाठी की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकटात मिळतो, शिवाय खाली अटलांटिक, वस्ती नाही. श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ गेलं तेही बंगालच्या उपसागरावर असंच कललं होतं. तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत!

पेटत वगैरे काही नाही. वर हवा विरळ, त्यामुळे ज्वाळा पसरतात आणि बाजूंनी वर चढल्यासारख्या दिसतात.

'विमान इतक्या उंच कसं गेलं?' गेलंच नव्हतं. अमेरिकी हवाई दलाचं ईसी-१३५एन हे जेट विमान होतं, त्याच्या कुशीला लांब पल्ल्याचा कॅमेरा. बास.

आता समुद्रात पडण्याचं. अर्धं खरं आहे, कबूल. पहिला टप्पा, म्हणजे इंधन संपलं की सुटणारा रॉकेटचा सगळ्यात खालचा भाग, पडलाच. तो पडण्यासाठीच असतो. २०१३ मध्ये जेफ बेझोस यांच्या मोहिमेने सव्वाचार किलोमीटर खोलीवरून सॅटर्न-५ ची, म्हणजे अपोलोला नेणाऱ्या रॉकेटची, इंजिनं वर काढली. एकावरचा गंज साफ केल्यावर २०४४ हा आकडा निघाला. नासाच्या नोंदीत ते अपोलो ११ चं पाच नंबरचं, म्हणजे मधलं इंजिन. उरलेलं रॉकेट तिथे नव्हतं, कारण ते पुढे गेलं होतं.

आणि तो 'स्फोट'? उड्डाणानंतर पावणेतीन मिनिटांच्या आत, सुमारे ६७ किलोमीटर उंचीवर पहिला टप्पा सुटतो. त्याला मागे खेचायला बुडाशी बसवलेली आठ छोटी रॉकेटं उलटी पेटतात. तोच तो लखलखाट. मूळ चित्रणात त्यानंतर दुसरा टप्पा पुढे जाताना दिसतो. तुमच्या फॉरवर्डमध्ये नेमकी तिथेच कात्री लागलीय.

मी पुतणीला पुढचा तुकडा दाखवला. तिने विचारलं, 'मग आजोबांनी अर्धीच का पाठवली?' याचं उत्तर तेवढं तुम्हीच तिला द्या.